झाशीची राणी आणि तिचे लेखक

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त बरगी येथे झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



बरगीच्या धरणावर येणारा पाहुणा पाण्याचा अफाट विस्तार पाहून थक्क होतो, नौकेतून एक फेरी मारतो, छायाचित्रे काढतो आणि जबलपूरच्या वाटेला लागतो. या जलाशयाला ‘राणी अवंतीबाई सागर’ असे नाव आहे. पण ही अवंतीबाई कोण, असे विचारले तर दहांतील आठ जण गप्प राहतील. उरलेले दोघे म्हणतील, “झाशीच्या राणीसारखीच कोणीतरी.” हे उत्तर ऐकून हसू येते, पण ते उडवून लावण्यासारखे नाही. एका राणीची ओळख दुसऱ्या राणीच्या नावाने करून द्यावी लागते, याचा अर्थ त्या दुसऱ्या राणीला लेखक मिळाले आणि पहिलीला ते मिळाले नाहीत. आजचा विषय हाच आहे. वीरांगनेचे पराक्रम एकदाच घडतात. तिची कथा मात्र प्रत्येक पिढीतला लेखक नव्याने रचतो आणि त्या रचनेत आपल्या काळाचे रंग मिसळतो.

तुमच्यापैकी पुष्कळांना चित्रकथा वाचण्याची आवड आहे, म्हणून आरंभी एक परदेशी उदाहरण. अमेरिकेतील ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेची नायिका १९४१ साली विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने निर्माण केली. त्याच्या मृत्यूनंतर ती इतर लेखकांच्या हाती गेली. १९६८ साली नव्या लेखकाने तिच्या अद्भुत शक्तीच काढून घेतल्या आणि तिला कपड्यांचे दुकान चालवणारी साधी स्त्री केले. तिकडच्या स्त्री-चळवळीला ते रुचले नाही. १९७२ साली ‘मिझ’ या स्त्रियांच्या मासिकाने तिला मुखपृष्ठावर झळकवले आणि पुढे तिच्या शक्ती तिला परत मिळाल्या. एवढ्या उलथापालथीत नायिकेचे नुकसान काहीच झाले नाही, कारण ती मुळात कागदावरचीच होती. जी नायिका खरोखर जन्मली, तहानली, घोड्यावरून पडली आणि रणात मरण पावली, तिच्या बाबतीत मात्र लेखकावर अधिक जबाबदारी येते.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई या काशीत जन्मलेल्या मोरोपंत तांबे यांच्या कन्या. माहेरचे नाव मनकर्णिका. ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाखाली त्या वाढल्या. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पोटचा मुलगा काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तकविधान झाले आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव निवर्तले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले. हा भाग सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तो इथेच सोडू.

राणींचे समकालीन चित्र परक्या माणसाच्या लेखणीतूनही उतरलेले आहे. जॉन लँग नावाचा एक ऑस्ट्रेलियन वकील १८५४ साली राणींच्या निमंत्रणावरून झाशीस आला. संस्थान परत मिळवण्यासाठी कायदेशीर सल्ला हवा होता. राणी पडद्याआड बसल्या होत्या. बोलता बोलता छोट्या दत्तक मुलाने पडदा बाजूस सारला आणि लँगला क्षणभर त्यांचे दर्शन घडले. त्याने लिहून ठेवले आहे की बाई मध्यम उंचीच्या, किंचित स्थूल, डोळे फार सुंदर, अंगावर साधे पांढरे वस्त्र. आवाज मात्र गोड नव्हता, काहीसा घोगरा होता. आपली झाशी आपण देणार नाही, हे त्यांचे वाक्यही त्यानेच हिंदुस्तानी शब्दांत टिपले. ते वाक्य आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. घोगरा आवाज मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. लेखक नायिकेकडून काय घेतात आणि काय टाकून देतात, त्याचा पहिला धडा या एका भेटीत मिळतो.

यानंतरचा साक्षीदार आपला, मराठी आणि अत्यंत अनपेक्षित आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे चांगली दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ मध्ये ते काकांसह उत्तरेकडे निघाले. दक्षिणा राहिली बाजूला. भटजी बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीस त्यांना आश्रय मिळाला आणि वेढ्याचे ते दिवस त्यांनी शहरातच काढले. सुमारे पंचवीस वर्षांनंतर, यजमान चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी हा सारा वृत्तान्त मोडीत लिहून काढला. भटजींच्या हयातीत तो छापला गेला नाही. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली वैद्यांनी प्रसिद्ध केले. तेही भाषा आपल्या काळाच्या वळणावर नेऊन, हात फिरवून. भटजींचा मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ साली वाचकांपुढे आला. म्हणजे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे शब्दही आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी एका विद्वानाच्या लेखणीखालून गेले होते.

भटजींच्या राणी कशा आहेत? त्या पहाटे उठतात, मल्लखांब करतात, घोडा फिरवतात, मग स्नान आणि पूजा. दरबारात कधी पुरुषी वेषात येतात, पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपी व फेटा. कधी पांढरे पातळ नेसून. कडाक्याच्या थंडीत गोरगरिबांस रुईदार बंड्या आणि घोंगड्या वाटण्याचा हुकूम देतात. भटजी हे सर्व एखाद्या पाहुण्याच्या कुतूहलाने सांगतात. त्यांना कोणाचा पुतळा उभारायचा नव्हता. त्यामुळेच शहर पडल्यानंतरच्या कत्तलीचे आणि लुटलेल्या ग्रंथसंग्रहाचे त्यांचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. ज्या माणसाला अलंकार जमत नाहीत, तो भयंकर गोष्ट सांगू लागला की ती खरी वाटते.

झाशी सुटल्यानंतर काल्पीच्या परिसरात भटजींना राणी पुन्हा एकदा दिसल्या. पहाटेची वेळ. भटजी एका विहिरीपाशी होते. घोडेस्वार आले. त्यांत पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली एक बाई होती. भटजींनी ओळखले. ते मडके घेऊन पाणी काढू लागले, तेव्हा राणींनी त्यांना थांबवले. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून त्यांनी स्वतः दोर हाती घेतला, पाणी शेंदले आणि ओंजळीने प्यायल्या. मग म्हणाल्या त्याचा आशय असा की, आपण अर्धा शेर तांदळाच्या धनीण. विधवाधर्माने राहिलो असतो तर कोणाचे काही बिघडले नसते. पण धर्माभिमानाने या कर्मास प्रवृत्त झालो आणि आता यशही दिसत नाही. एवढे बोलून त्या घोड्यावर बसल्या.

त्या काळच्या जातिव्यवस्थेची सावली या प्रसंगावर आहे आणि आजच्या वाचकाने ती न झाकता वाचावी. पण हेही पाहावे की पराभव समोर दिसत असतानाही एक राणी आपल्या निर्णयाचा हिशेब एका फाटक्या भिक्षुकापुढे मांडते आहे. त्यात जयघोष नाही. सगळ्या साहित्यात राणींच्या इतके जवळ दुसरे कोणी गेलेले दिसत नाही.

आता चरित्रकारांकडे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणींचे मराठी चरित्र १८९४ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ‘माझा प्रवास’ छापला जाण्याच्या तेरा वर्षे आधी. पारसनिसांपुढचे काम वकिलाचे होते. जून १८५७ मध्ये झाशीत झालेल्या इंग्रजांच्या हत्याकांडाचा ठपका इंग्रज इतिहासकारांनी राणींवर ठेवला होता. तो पुसायचा होता. त्यांनी कागद जमवले. इंदुरास राहणाऱ्या दामोदररावांना मार्टिन नावाच्या इंग्रजाने लिहिलेले, राणी निर्दोष असल्याचे पत्रही त्यांनी पुढे ठेवले. या ग्रंथात राणी कुलीन, धर्मपरायण, अन्यायाने गांजलेल्या अशा दिसतात. बंड त्यांनी केले असे नसून ते त्यांच्यावर येऊन पडले, असा एकंदर सूर आहे. १८९४ साली, ब्रिटिश सत्तेच्या ऐन भरात, याहून वेगळा सूर छापणे अवघडच होते.

पंधरा वर्षांत वारे फिरले. सावरकरांनी लंडनमध्ये सत्तावन्नचा इतिहास मराठीत लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०९ साली निघाले आणि इकडे त्यावर बंदी आली. ज्या आरोपातून पारसनिसांना राणी सोडवायच्या होत्या, तो सशस्त्र उठाव येथे अभिमानाची गोष्ट झाला. राणी स्वधर्म आणि स्वराज्य यांची मूर्ती बनल्या. तेच कागद, तीच बाई; एकाच्या हाती त्या फिर्यादी, दुसऱ्याच्या हाती सेनानी.

ग्वाल्हेरच्या समाधीपुढे वाटसरूला थांबवणारी भास्कर रामचंद्र तांबे यांची कविता ज्यांच्या आजी-आजोबांना पाठ होती, अशी मुले येथे नक्की असतील. तांबे मुंगावलीचे, आपल्याच मध्य प्रदेशातले. मराठी मुलखाबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांचे ते ज्येष्ठ. त्यांच्या कवितेतील राणींसाठी तलवार उपसायची नाही, आसवे ढाळायची आहेत.

आणि मग जबलपूर. सुभद्राकुमारी चौहान यांचा जन्म १९०४ साली अलाहाबादजवळ निहालपूर येथे झाला. लग्नानंतर त्या जबलपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपुरात त्यांनी कारावास पत्करला, तेव्हा त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. ‘मुकुल’ हा त्यांचा संग्रह १९३० चा, आणि झाशीच्या राणीवरील त्यांची कविता हिंदी प्रदेशातल्या प्रत्येक शाळेत पोहोचली. आपली कथा बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून आल्याचे त्यांनी कवितेतच सांगितले आहे. दारोदार गात फिरणाऱ्या या लोकगायकांनी राणींची आठवण छापखान्याच्या कितीतरी आधी जपली होती. कवयित्रीने श्रेय त्यांना दिले, ही साधी गोष्ट नव्हे.

या कवितेतील एका शब्दापाशी मात्र थांबावेसे वाटते: ‘मर्दानी’. आपण तो इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा अर्थ कानाआड होतो. राणी शूर होत्या, म्हणून त्या पुरुषासारख्या होत्या. राणींशी लढलेल्या सर ह्यू रोजच्या नावावरही, बंडवाल्यांमध्ये तीच काय ती एक मर्द होती, अशा अर्थाचे उद्गार सांगितले जातात. शत्रू आणि भक्त यांना स्तुतीसाठी एकच शब्द सुचावा, याची मौज वाटते आणि खेदही. गोडसे भटजींनी राणींना पुरुषी वेषात प्रत्यक्ष पाहिले होते. तरी त्यांना मर्द म्हणण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी अंगरख्याचे वर्णन केले आणि ते पुढे गेले. सुभद्राकुमारींना दोष देण्याचे कारण नाही. ज्या काळात स्त्रीने घराबाहेर पाऊल टाकणे हेच बंड होते, त्या काळात त्या स्वतः तुरुंगात गेल्या होत्या. हाती असलेल्या भाषेतला सर्वांत बळकट शब्द त्यांनी उचलला. आज शाळेत ती कविता खड्या आवाजात म्हणणाऱ्या मुलींनी तो शब्द म्हणावा आणि त्याच्याशी भांडावेही. दोन्ही एकाच वेळी करता येते.

१५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात सुभद्राकुमारींचा अंत झाला. बरगीवरून जाणारा नागपूरचा रस्ता तोच. जबलपूरच्या नगर निगमाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे.

दरम्यान नेताजींनी १९४३ साली आझाद हिंद सेनेतील स्त्रियांच्या पथकाला राणींचे नाव दिले आणि कॅप्टन लक्ष्मी त्याच्या प्रमुख झाल्या. १९४६ साली झाशीकडचेच वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी आली. वर्मांच्या पणजोबांनी राणींच्या बाजूने लढाई केली होती, त्यामुळे घरातल्या गोष्टी, गावातल्या दंतकथा त्यांच्या हाताशी होत्या. त्यांनी एक मोठे काम केले. राणींभोवतीच्या स्त्रियांना, सुंदर, मुंदर, काशी, मोतीबाई, जुही आणि कोरी समाजातील झलकारी यांना, त्यांनी चेहरे दिले. झलकारीची कथा पुढे दलित लेखकांनी आपल्या हाती घेतली. राणीचा वेष घेऊन शत्रूसमोर गेलेली ही स्त्री त्यांच्या लेखनात स्वतःच नायिका झाली. राणींची कथा सांगता सांगता दुसऱ्याच एका स्त्रीची कथा जन्माला आली, हे या सगळ्या प्रवासातील फार सुंदर वळण आहे.

महाश्वेतादेवींचे पहिले पुस्तक ‘झांसीर रानी’ १९५६ चे. तिशीतील ही बंगाली तरुणी बुंदेलखंडात हिंडली, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलली, गाणी गोळा केली. राणी मेल्याच नाहीत, अशी श्रद्धा असलेली माणसे तिला भेटली. पारसनिसांनी दप्तरे चाळली, महाश्वेतादेवींनी माणसे वाचली. शिरवाडकरांचे ‘वीज म्हणाली धरतीला’ हे नाटक आणि सोहराब मोदींचा १९५३ चा रंगीत चित्रपट यांचा येथे नामोल्लेखच पुरे. रंगमंच आणि पडदा हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

शेवटी चित्रकथा. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि सत्तरच्या दशकात झाशीची राणी त्या मालिकेत आली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पुष्कळांनी राणी प्रथम पाहिली ती तेथेच. मुलांपर्यंत इतिहास नेण्याचे मालिकेचे ऋण मोठे आहे, ते नाकारू नये. पण बत्तीसेक पानांच्या चौकटींत सर्वच मावत नाही. तेथे जागा मिळते ती उसळत्या घोड्याला, उपसलेल्या तलवारीला आणि पाठीशी बांधलेल्या मुलाला. आता या मुलाकडेच पाहा. दत्तक घेतले तेव्हा दामोदर सुमारे पाच वर्षांचा होता; म्हणजे झाशी सोडताना तो नऊच्या घरातला चांगला शाळकरी मुलगा असला पाहिजे. दिनदर्शिका, पुतळे आणि चित्रकथा यांच्यात तो दर पिढीला लहान होत गेला आणि आता जवळजवळ तान्हाच झाला आहे. चित्रकाराला आईपण दाखवायचे असते. नऊ वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन रात्रभर दौड करण्यात किती कष्ट आहेत, हे दाखवायचे नसते. खरी गोष्ट अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोठी होती. विहिरीवर पाणी शेंदणारी धुळकट बाई चित्रात आली, तर चौकट किती शांत होईल, याची कल्पना करून पाहावी.

आता पुन्हा या पाण्याकडे वळू. रामगडची राणी अवंतीबाई, राजा विक्रमादित्यसिंहाची पत्नी. राजा मनोव्याधीने राज्यकारभारास असमर्थ झाला, तेव्हा कंपनी सरकारने संस्थान आपल्या देखरेखीखाली घेतले. झाशीत दत्तकाचे निमित्त होते, रामगडात आजाराचे. अवंतीबाईने सरकारी माणसांना हाकलले आणि आसपासच्या जमीनदारांना उठवले. पत्रासोबत बांगड्या धाडून, लढा नाहीतर या भरा, असा निरोप तिने दिला, अशी आख्यायिका आहे. येथेही बांगडी म्हणजे भेकडपणा, असेच समीकरण आहे; लोककथेला यापलीकडचा शब्द सापडला नाही. मंडल्याजवळ कंपनीच्या फौजेशी तिची गाठ पडली. पुढे रामगड सोडून तिने डोंगरांचा आश्रय घेतला. २० मार्च १८५८ हा तिचा बलिदानदिन मानला जातो. त्याच सुमारास ह्यू रोजच्या फौजा झाशीच्या तटाला भिडत होत्या. लक्ष्मीबाईंनी किल्ला सोडला तो ४ एप्रिलच्या रात्री, अवघ्या दोन आठवड्यांनी.

झाशीच्या वाटेवर दक्षिणेला निघालेला एक भिक्षुक होता. रामगडच्या वाटेवर त्या वर्षी कोणी नव्हते. अवंतीबाईच्या नावाने साठलेले हे पाणी मंडला, शिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील गावांवर चढले. त्या गावांतील जात्यावरच्या, शेतावरच्या गाण्यांत तिच्याविषयी काय होते, हे विचारायला वेळेवर कोणी गेले की नाही, हा प्रश्न धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की मनात येतो.

तिच्याविषयी जे थोडे लिहिलेले सापडते, ते इंग्रजी अमलातील जिल्हा वृत्तान्तात, काही ओळींत. घेरली गेल्यावर ती घोड्यावरून उतरली, सोबतच्या माणसाच्या हातून तलवार घेतली आणि स्वतःच्या पोटात खुपसली. जखमी अवस्थेत तिला इंग्रजांच्या छावणीत आणले. मरण्यापूर्वी तिने सांगितले की रयतेला चिथावणी आपणच दिली, त्या लोकांचा काही अपराध नाही. हा जबाब शत्रूच्या माणसांनी टिपून घेतला, म्हणून तो आज वाचता येतो.